कण्या

बासमती नको, मी दुकानदाराला सांगते,
कण्या द्या. पंचवीस किलो.
निझवाच्या बाजारातला तो मलबारी हसतो,
कोंबड्या पाळल्यात का, मॅडम?
हो म्हणते. काय सांगणार.

कण्या धुवायच्या, अर्ध्याकच्च्या शिजवायच्या,
पिशव्यांत भरून वाफेखाली ठेवायच्या,
निवल्या की सुईच्या टोकाएवढं बीज.
मग चौदा दिवस सव्वीस अंशांवर
दार लावून गप्प बसायचं.
आधी कापूस येतो, मग पीठ.

आईने पाहिलं असतं तर
पिशव्यांसकट मलाही उकिरड्यावर टाकलं असतं.
तिच्या घरात बुरशी म्हणजे
लोणच्याच्या बरणीतला गुन्हा, कोणाचा ओला चमचा ते शोधणं.
कॉलेजात बुरशी म्हणजे करपा, भुरी, तांबेरा, मर,
पाच-पाच मार्कांची मरणं.
हिच्या भाऊबंदांतलं कोणी
झाडाला बोट न लावता
नुसत्या भुंग्याला धरतं,
हे मी नोकरीला लागल्यावर शिकले.

खल्फान बिन नासर यांची बाग फलजच्या खालच्या अंगाला.
एकशे बारा खजुरी. नऊ आजारी.
ते खोडाला कान लावतात,
मलाही लावायला सांगतात.
इस्मई, अनुबमा.
(प त्यांच्या जिभेवर कधी उगवलाच नाही.)
ऐकते. आत कोणीतरी
निवांत बसून चुरमुरे खातंय.

ढलपी काढली. तपकिरी चीक, शिळ्या ताडीचा वास,
आणि पायाशी पडला तो,
तांबडा, लांब सोंडेचा, पाठीवर काळे ठिपके.
ओळखलं मी त्याला.
केळशीला आमच्या माडांत हाच.
सोंड्या. याच्यापायी काकांनी चार माड पाडले
आणि आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत.

हा आला कुठून, खल्फान विचारतात,
माझ्या आजोबांच्या वेळी नव्हता.
बर्रा, मी म्हणते. बाहेरून.
उत्तर चुकीचं नाही.
शोभेच्या झाडांच्या बुंध्यात बसून, पूर्वेकडून,
म्हणजे साधारण माझ्याच वाटेने,
फक्त विमानाचं तिकीट न काढता.

ऊन उतरेपर्यंत थांबावं लागतं, उन्हात ती मरते.
मग मोफिज्जल बादल्या टांगतो,
तळाशी सडका खजूर, वर मादीचा खोटा वास,
आणि वाटेत माझं पांढरं पीठ.
सोंड्या आत जातो, फसतो, बाहेर येतो.
बाहेर येऊ द्यायचंच असतं.
मारायचं काम आम्ही करत नाही,
आम्ही फक्त अंगाला पीठ लावून
त्याला त्याच्या माणसांत पाठवतो.

बाराव्या दिवशी एक सापडला आळ्यात.
सोंडेच्या मुळाशी, पायांच्या सांध्यांत,
जिथे जिथे त्याला वाकता येत होतं
तिथे तिथे पांढरं.
खल्फाननी तळहातावर घेतला, चष्मा वर केला.
तुझा भात?
माझा भात.
आणि ही? हीसुद्धा बाहेरून?
नाही, मी म्हटलं. ही बहलाच्या मातीतली.
तिथल्याच एका मेलेल्या भुंग्यावर मिळाली.
इथलीच आहे. हिला कफील लागत नाही.
ते इतके हसले की मोफिज्जल शिडीवरून खाली बघायला लागला.
तोही हसला मग, जरा उशिरा.

नवांपैकी तीन खजुरी तरीही तोडून जाळाव्या लागल्या.
चार सावरल्या. दोघींचं अजून कळत नाही,
जाते तेव्हा कान लावून येते.

काल प्रयोगशाळेत एका पिशवीत
हिरवं काहीतरी उगवलं, न बोलावता,
कुठल्याशा फटीतून शिरलेलं.
ती मात्र मी टाकली,
श्वास रोखून, दोन बोटांत धरून,
अगदी आईसारखी.
मग हात धुतले. पुन्हा धुतले.
आणि कण्या भिजत घातल्या.